पहाटे पोचून काय साधते?

सहलीला निघालेल्या घरात दोन पक्ष असतातच. पहिल्या पक्षाचे म्हणणे असे, की जिथे जायचे तिथे दार उघडण्याआधी जाऊन उभे राहावे. दुसऱ्याचे म्हणणे, सुट्टी झोपण्यासाठी असते आणि दार काही कुठे पळून जात नाही. पहिल्या पक्षाचे पुढारी बहुधा वडील असतात, दुसऱ्यात आई आणि मुले. आजी-आजोबा असले तर त्यांचे मत कुणी विचारत नाही, कारण ते तसेही चारलाच उठून बसलेले असतात.

पुण्यातल्या एका बँकेत नोकरी करणारे एक गृहस्थ असेच पहिल्या पक्षाचे. लवकर पोचण्याचा धडा त्यांनी शाळेत असताना गिरवला होता. गोराईचे एस्सेलवर्ल्ड १९८९ साली सुरू झाले. आज ते बंद झाले आहे. पण त्या काळी मुंबई-पुण्याच्या मुलांना त्याच्यापलीकडे स्वर्ग नव्हता. खाडी ओलांडून पहिल्या बोटीने पोचलेल्यांना तासाभरात तीन-चार पाळणे मिळत आणि जेवणानंतर आलेल्यांचा सगळा दिवस एका रांगेत जाई, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते. पुढे स्वतःच्या मुलांना खोपोलीजवळच्या इमॅजिकाला नेले तेव्हाही दार उघडायच्या आधी अर्धा तास सगळे कुटुंब दाराशी हजर.

यामागचे गणित सरळ आहे. समजा, एका पाळण्यात २४ माणसे बसतात आणि चढणे-उतरणे धरून एक फेरी ३ मिनिटांची होते. म्हणजे तासाला ४८० माणसे. दार उघडताच आत शिरणाऱ्यांना जागा लगेच मिळते. पण तासाभराने आणखी हजार माणसे त्याच रांगेला लागली, तर शेवटच्या माणसाला दोन तासांहून अधिक उभे राहावे लागते. पाळणा काही वेगाने फिरत नाही, रांग मात्र वाढत जाते. अमेरिकेतल्या डिस्नेच्या उद्यानांत तर सकाळी वाटेवर आडवी दोरी धरत आणि वेळ झाली की ती खाली सोडत. त्या दोरीशी पहिले उभे राहण्यासाठी माणसे घड्याळाला गजर लावून उठत.

पण हे गणित हजार वर्षांच्या देवळाला लागू पडते का? गेल्या मे महिन्यात त्या घरात वाद झाला तो यावरूनच. सहल ठरली होती तंजावरची.

तंजावर ठरले ते आजोबांसाठी. आजोबा शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालेले, वय ७९. मराठी माणसाला तंजावर म्हटले की शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजी उर्फ एकोजी आठवतात. १६७५-७६च्या सुमारास त्यांनी तिथे गादी स्थापली आणि १८५५ साली इंग्रजांनी वारस नसल्याच्या सबबीवर राज्य खालसा करीपर्यंत कावेरीच्या काठी भोसल्यांची दौलत नांदली. त्या घराण्यातले विद्याव्यासंगी राजे दुसरे सरफोजी. त्यांनी १८०३ साली बृहदीश्वराच्या प्राकाराच्या भिंतीवर आपल्या कुळाचा इतिहास मराठीत कोरून घेतला. बाबूराव चिटणीसांनी तो रचला. तामिळ देशात, चोळांच्या देवळात, भिंतीच्या भिंती मराठी मजकूर! आजोबांनी तो वर्गात चाळीस वर्षे सांगितला होता. पाहिला मात्र कधीच नव्हता.

पूर्वी सवड नव्हती, पुढे पैसे नव्हते, आणि दोन्ही आले तेव्हा मधुमेहाने डोळे आणि तळपाय असे दोन्ही धरले. डोळ्यांच्या डॉक्टरांनी स्पष्टच सांगितले होते, आहे ती नजर टिकवणे एवढेच हातात आहे, गेलेली परत येणार नाही. म्हणजे जायचे तर याच वर्षी.

तळपायांची गोष्ट वेगळी. जुन्या मधुमेहात तळव्यांची संवेदना कमी होते. चटका बसतो, पण बसल्याचे कळत नाही. आदल्या वर्षी एका देवळाच्या अंगणात दुपारी प्रदक्षिणा घालताना आजोबांना काही जाणवले नव्हते. रात्री सूनबाईंनी पाय पाहिले तेव्हा अंगठ्याखाली रुपयाएवढा फोड आलेला. तो भरायला दीड महिना लागला, रोज मलमपट्टी, आणि पाय राहील की नाही ही धास्ती तोंडाने कुणी बोलत नव्हते इतकेच.

तंजावरच्या देवळात चपला बाहेर ठेवायच्या. आतले अंगण कसले, मैदानच ते, लांबी अडीचशे मीटरच्या आसपास आणि सगळी फरसबंदी. मे महिन्याच्या उन्हात अकराच्या पुढे त्या दगडावर धडधाकट माणसेही टाचांवर नाचत सावली गाठतात. चालण्यासाठी काथ्याची पायघडी अंथरलेली असते, पण ती ठरलेल्या वाटेपुरती.

म्हणून या खेपेला दुसऱ्या पक्षाच्या पुढारी, म्हणजे सूनबाई, लवकर जाण्याच्या बाजूने बोलल्या. यजमानांना आनंद झाला. तो फार टिकला नाही.

"लवकर म्हणजे सहाला दारात नव्हे हं," त्या म्हणाल्या. "बाबांचं इन्सुलिन आणि खाणं झाल्याशिवाय मी त्यांना आत नेणार नाही. उपाशीपोटी चालून साखर उतरली तर परमुलखात कुठे धावायचं?"

"अगं, मग सात वाजतील! तोवर निम्मं गाव आत."

"असू दे. गावाने काय भिंत उचलून न्यायची आहे?"

आजोबांनी एकच शंका काढली. त्यांना अंधुक उजेडात दिसत नाही. अक्षरे वाचायची तर चांगला उजेड हवा. म्हणजे पायांना पहाट हवी आणि डोळ्यांना दहा वाजलेले हवेत. एकाच माणसाच्या शरीराने असे दोन वेगळे मुहूर्त मागितल्यावर पंचांग तरी काय करणार!

चेन्नईच्या एग्मोर स्थानकावरून रात्री सुटणारी उळवन एक्स्प्रेस उजाडण्याआधी तंजावरला पोचते. उळवन म्हणजे शेतकरी. कावेरीच्या भातखाचरांच्या मुलखात जाणाऱ्या गाडीला नाव शोभणारे आहे. सोय मोठी, पण ती पहाटेची झोप मोडते, आणि मुलांची झोप मोडली की दिवसाचे काय होते ते कुठल्याही आईला विचारावे. बारा वर्षांचा नातू आणि आठ वर्षांची नात प्लॅटफॉर्मवर बॅगांना टेकून पेंगत होती. स्थानकाजवळच्या एका टिफिनच्या दुकानात मात्र वाफाळत्या इडल्यांचे ताट बाहेर येऊ लागले होते. तामिळनाडूची ही एक गोष्ट घेण्यासारखी आहे. आपल्याकडे पहाटे फार तर चहा मिळतो, तिथे पोटभर न्याहारी. आजोबांनी सुई टोचून घेतली, तीन इडल्या आणि सांबार खाल्ले. सांबाराचे नाव संभाजीराजांवरून पडले, ही तंजावरी आख्यायिका सांगण्याची संधी त्यांनी सोडली नाही. मात्र तिला कागदोपत्री आधार नाही, हेही शिक्षकी सवयीने जोडून दिले. कॉफी बिनसाखरेची.

या सगळ्यात पाऊण तास गेला. यजमान घड्याळाकडे पाहत होते. साडेसहा उलटून गेल्यावर कुटुंब बृहदीश्वराच्या दाराशी उतरले. सगळ्यांत बाहेरची वेस मराठा दरवाजा म्हणूनच ओळखली जाते. तिच्या आत केरळांतक गोपुर, त्याच्या आत राजराज गोपुर, आणि मग एकदम आकाश उघडे होते.

इथे लवकर येण्याचा पहिला लाभ पदरात पडतो. देऊळ पूर्वाभिमुख आहे. सकाळी आत शिरणाऱ्याच्या पाठीशी सूर्य असतो आणि समोर नंदीच्या मागे साठ मीटरांहून उंच शिखर कोवळ्या उन्हात पायथ्यापासून कळसापर्यंत लख्ख उजळलेले असते. ग्रॅनाइटचा तो तांबूस रंग दुपारी मरून जातो. संध्याकाळी याच दारातून पाहिले तर ऊन शिखराच्या मागे जाते आणि समोरचे कोरीवकाम काळवंडते. ती शोभाही निराळी, पण बारकावे बघायचे तर सकाळच. पहिला राजराज चोळ याने १०१०च्या सुमारास हे काम पुरे केले. आसपास असा दगड नाही. सगळा लांबून आणलेला. शिखरावरच्या शिळेचे वजन ८० टन आहे असे सांगतात. ते कुणी तोलून पाहिलेले नाही, पण खाली उभे राहिले की वाद घालावासा वाटत नाही.

गर्दी? होती थोडी. न्हाऊन आलेल्या गावच्या बायका, एक शाळामास्तर, काही परदेशी पाहुणे. गाभाऱ्यात त्या प्रचंड शिवलिंगापुढे पाच मिनिटे निवांत उभे राहता आले, मागून कुणी ढकलले नाही. यजमानांनी पत्नीकडे विजयी मुद्रेने पाहिले. पण खरे सांगायचे तर एरवीच्या दिवशी सात आणि आठ यांत इथे फारसा फरक पडत नाही. देऊळ म्हणजे पाळणा नव्हे. तासाला ४८० अशी मोजदाद इथे नाही. वेळ चुकवायची ती वेगळीच. प्रदोषाच्या संध्याकाळी नंदीच्या अभिषेकाला अंगण भरून जाते. मकरसंक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी, मट्टू पोंगलला, त्याच नंदीला भाज्या आणि फळांनी मढवतात, ते पाहायलाही झुंबड उडते. अशा दिवशी लहान मुले आणि म्हातारे माणूस बरोबर असेल तर पहाटेही जपूनच जावे. ७ जून १९९७ रोजी कुंभाभिषेकाच्या सोहळ्यात याच आवारात यज्ञमंडपाला आग लागली आणि ४८ भाविक प्राणाला मुकले. आवार मोठे असले तरी बाहेर पडण्याच्या वाटा मोजक्याच असतात, हे कुठल्याही जत्रेत ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

आता भिंत. प्राकाराच्या कडेने ओवऱ्या आहेत आणि मराठी लेख आहे तो नैर्ऋत्येच्या बाजूला. जवळच गणपतीचे देऊळ आहे, तेही सरफोजींनी नव्याने बांधून घेतलेले. आजोबा नातवाच्या खांद्यावर हात ठेवून तिथवर गेले. दगड थंडगार होता. सूनबाईंनी तरी हट्टाने त्यांना सुती मोजे घालायला लावले होते. आजोबा भिंतीसमोर उभे राहिले आणि काहीच बोलेनात.

त्यांना दिसत नव्हते. अक्षरे होती, ओळींवर ओळी, बाळबोध लिपीत. पण त्या कोपऱ्यात उजेड पोचलेला नव्हता. कारण डोक्यावरच होते. मे महिन्यात सूर्य पूर्वेच्या जरा उत्तरेला उगवतो, त्यामुळे शिखराची सकाळची सावली नैर्ऋत्येकडे झुकते. नेमकी ती लांबलचक सावली अंगणाचा तो सगळा भाग झाकून कोटाच्या भिंतीबाहेर गेली होती. आणि गंमत अशी, की या शिखराची सावली जमिनीवर पडतच नाही, असे वाटाड्ये आणि पुस्तके वर्षानुवर्षे सांगत आली आहेत! नातवालाही गाडीत एका सहप्रवाशाने तेच सांगितले होते. भर दुपारी आलेल्याला ते खरे वाटू शकते, कारण तेव्हा सावली शिखराच्या पायथ्याशीच गोळा झालेली असते. सकाळी सातला आलेल्या पोराला मात्र ती पावलांनी मोजता आली.

"आजोबा, आपण सावलीतच उभे आहोत," तो म्हणाला. "थांबूया ना. ती सरकेल."

थांबले. यजमान आणि नात नंदी पाहायला गेले. सूनबाई ओवरीच्या कट्ट्यावर सासऱ्यांजवळ बसल्या. तेव्हा आजोबांनी पिशवीतून एक जुना, कडा विरलेला झेरॉक्सचा गठ्ठा काढला. हा लेख तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयाने पुस्तकरूपाने छापलेला आहे, आणि आजोबांनी त्याची प्रत कित्येक वर्षांपूर्वीच एका ग्रंथालयातून मिळवली होती. बरीच पाने तर तोंडपाठ.

सूनबाई चकितच झाल्या. "बाबा, मजकूर सगळा ठाऊक आहे, मग एवढा लांबचा प्रवास कशासाठी हो?"

"कागद पाहिलाय गं," आजोबा म्हणाले. "दगड कुठे पाहिलाय?"

आठ वाजत आले तसा आकाशाचा उजेड ओवरीत भरू लागला. ऊन अजून आले नव्हते, सावली होतीच. पण अंधार विरला. नातवाने मोबाइलची बत्ती भिंतीच्या कडेला धरून तिरपी टाकली. समोरून उजेड टाकला तर कोरलेले अक्षर पुसट होते. बाजूने टाकला की खाचेत काळोख साठतो आणि अक्षर उठून दिसते. ही युक्ती त्याला कुणी शिकवली नव्हती, हात हलता हलता सापडली. आजोबांनी चष्मा कपाळावर चढवला, नाक दगडाजवळ नेले आणि पहिला शब्द लावला. पहिले अक्षर दिसले की पुढचे पाठांतर पुरवत होते. एकोजी. शहाजी. मग एक अख्खी ओळ. नात परत आली ती हे पाहून चक्रावली. आजोबा रडत होते असे तिने आईला हळूच सांगितले. आईने तिला गप्प केले.

नऊला सावली आखडून भिंतीपासून दूर गेली आणि अंगणाचा मधला भाग तापू लागला. सूनबाईंनी आपला तळवा दगडाला लावून पाहिला आणि निघण्याचा हुकूम सोडला. आजोबांच्या वाचून झाल्या होत्या मोजक्या ओळी. तेवढ्या भिंतींपैकी! यजमानांना वाटले, सहाला आलो असतो तर आणखी झाल्या असत्या. हे काही पटण्यासारखे नाही. सहा ते आठ तिथे अंधारच होता; आजोबांना मिळालेला वेळ आठ ते नऊ एवढाच, आणि तो पोटात इडली असल्यामुळे पुरता वापरता आला. नवाच्या पुढे पायांनी नाही म्हटले असते. म्हणजे लवकर येणे उपयोगी पडले, पण दारात पहिले असण्याशी त्याचा काही संबंध नव्हता.

लवकर उठण्याची किंमतही त्या दिवशी वसूल झालीच. भोसल्यांचा राजवाडा आणि सरस्वती महाल यांची वेळ कचेरीसारखी. भल्या सकाळी तिथे गेले तर बंद दार पाहावे लागते. कुटुंबाने मधला वेळ लॉजच्या खोलीत काढला आणि अकराला राजवाड्यात पोचले, तेव्हा नात बाबांच्या खांद्यावर झोपलेली होती. सरफोजींनी जमवलेले ग्रंथ आणि चित्रे तिने पाहिलीच नाहीत. नातवाने पाहिली ती जांभया देत. १८०६ साली याच राजाच्या छापखान्यातून इसापच्या गोष्टींचे मराठी पुस्तक निघाले होते, हे आजोबा सांगत राहिले आणि श्रोते डुलक्या घेत राहिले. दुपारी साडेबाराच्या सुमारास गाभारा बंद होतो तो चारला उघडतो; त्या वेळात सगळे जेवून जे झोपले ते दिवे लागल्यावर उठले. गावचे लोक संध्याकाळी देवळाच्या अंगणात चटया टाकून, मुले खेळवत बसतात, वारा सुटतो, दगड निवतो. तो तंजावरचा सगळ्यांत सुखाचा प्रहर या कुटुंबाच्या वाट्याला अर्धाच आला.

ज्यांच्या बरोबर म्हातारे माणूस नाही आणि ज्यांना काही वाचायचे नाही, त्यांनी खुशाल संध्याकाळी पाचला जावे. पहाटेचा आग्रह धरायचा तो उन्हाळ्यात, अनवाणी चालवत नाही अशांसाठी, किंवा शिखराचे कोरीवकाम नीट पाहायचे असेल तर. आणि तेव्हाही आधी खाऊन घ्यावे.

आजोबांचे पाय रात्री लॉजवर सूनबाईंनी बत्तीच्या उजेडात बोट न् बोट तपासले. कुठे काही नव्हते. यजमान दुसऱ्या दिवशीचा बेत आखत होते. दारासुरमचे ऐरावतेश्वर, तिथे किती वाजता पोचायचे.

"आठ," सूनबाई म्हणाल्या.

"मी तर म्हणतो, आधी पुन्हा भिंतीकडे," आजोबा खाटेवरून म्हणाले. "आठ ते नऊ. दारासुरम काय, दुपारी मुलांना दाखवा."

नातवाने मोबाइल चार्जिंगला लावला.